दुसरी किल्ली

शीतगृहाच्या मिस्त्रीच्या मनात ढोल्याविषयी पाल चुकचुकायला लागून पंधरा दिवस झाले होते. ढोल्या म्हणजे जनरेटर सांभाळणारा, नावाला साजेसाच.

वीज गेली की काम ठरलेलं. पुढच्या खोलीत बाहेरून येणाऱ्या लाइनचा खटका पाडायचा. तो पडल्याशिवाय त्याच्या कुलपातली किल्ली सुटत नाही. ती घेऊन आवार ओलांडायचं नि मागच्या खोलीत जनरेटरच्या कुलपाला लावायची. त्याशिवाय तिथला खटका चढत नाही. कुलपं दोन, किल्ली एकच. म्हणजे दोन्ही खटके एकदम चालू राहूच शकत नाहीत, आणि जनरेटरचा करंट उलटा बाहेरच्या तारांत शिरत नाही. मिस्त्रीला या येरझारीला पाच मिनिटं लागायची. आणि खुर्चीतून उठणंही जिवावर येणारा ढोल्या दोन मिनिटांत दिवे लावायचा! पंख फुटले होते की काय त्याला? लेकाने किल्ली बनवून घेतलीय, मिस्त्रीची खात्रीच होती. त्याने ढोल्याचा डबा, पिशवी, टांगलेला सदरा, सगळं चोरून चाचपलं. हाती काही लागलं नाही.

आज तारांच्या कामासाठी अकराला वीज जाणार होती. लाइनमन होता मिस्त्रीचाच जावई. सकाळीच कोपऱ्यावरच्या खांबाशी दिसला होता, तेव्हा मिस्त्रीने ढोल्याची कुरकुर त्याच्याकडे केली होती. मिस्त्री पुढच्या खोलीत दाराआड दबा धरून बसला.

वीज गेली. खटका वर, किल्ली कुलपात. कुणी फिरकलं नाही. आणि मागे जनरेटर धडधडायला लागला.

मिस्त्रीने खाडकन खटका पाडला, किल्ली उपसली आणि धावत सुटला. पोचला तेव्हा ढोल्या जनरेटरचा खटका चढवून निवांत हात पुसत होता. त्या कुलपात दुसरी किल्ली होती.

"नालायका!" मिस्त्रीने त्याची गचांडी धरली. "खांबावर माझा जावई आहे! मी लाइन पाडली नसती तर माझी पोर आज उघड्यावर पडली असती! कुणाकडून बनवलीस ही?"

"मी कशाला बनवू? भांडारात सापडली. वीज गेलेलीच असते, म्हटलं खटका पाडायला उगाच कशाला जायचं तिकडे? हे बघा पाकीट."

पाकिटावर लिहिलं होतं, 'जादा किल्ली. अडीअडचणीला.' खाली सही. अक्षर मिस्त्रीचं होतं.

मुलीच्या लग्नाच्या धांदलीत किल्ली हरवली, म्हणून साहेबांच्या धाकाने त्याने गुपचूप दुसरी करून घेतली होती. मग पहिली स्वतःच्याच कोटात सापडली. दुसरी टाकवली नाही, आणि ठेवलेली आठवली नाही. पंधरा दिवस दुसऱ्याचे खिसे चाचपणाऱ्या माणसाला स्वतःची लाज वाटली.

त्याने जनरेटरचा खटका पाडला, दुसरी किल्ली काढली, खरी लावून खटका पुन्हा चढवला. दुसरी हातोड्याने चेपून टाकली आणि तो कोपऱ्यावर गेला.

जावई खांबावरून उतरत होता. "बाबा, तुम्ही इकडे? तोंड का उतरलंय? ढोल्याने काही केलं का?"

"त्याने नाही," मिस्त्री म्हणाला. "मी केलं होतं. तुमच्या लग्नाच्या वेळी."