तार नसलेला मुलूख

टीव्हीवरच्या गुराख्यांना शिव्या घालणं हा आमच्या बाबांचा, ऑरव्हल हाउगेन यांचा, दर शनिवारचा उद्योग. तीन हजार गुरं टेक्सासातून हाकत निघालेत आणि एकाच्याही सदऱ्याला शेण लागत नाही, घोडा दमत नाही, असं त्यांचं चालायचं. पण कार्यक्रम कधी चुकवला नाही. कळप नदीत उतरला की तोंड बंद व्हायचं आणि ते खुर्चीच्या कडेला सरकायचे. एवढं काय आहे त्यात, असं मी एकदा विचारलं.

"कुठे तार दिसते का बघ," ते म्हणाले.

स्वतः त्यांनी चौदाव्या वर्षापासून कुंपणाची तारच ओढली होती. डकोटातल्या आमच्या कुरणाच्या दक्षिणेची पाच पदरी काटेरी तार हिवाळ्याआधीच नव्याने ताणली होती. येईल त्याला ती वाजवून दाखवायचे.

त्या मार्चमधल्या शनिवारी दुपारी रेडिओने हिमवादळ येतंय म्हणून सांगितलं. आमच्याकडे अशा वेळी दक्षिणेची तार कापून ठेवतात. वादळात गुरं उत्तरेच्या वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात. वाट मोकळी असली तर पुढे ओढ्यात आडोसा मिळतो, तारेशी अडली तर गुरं संपली. माझा भाऊ लाइल पक्कड घेऊन दारात उभा राहिला. पण बाबांना नवी तार कापवेना.

"अरे, वारा तरी सुटू दे. एवढा कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

लाइलने माझ्याकडे बघितलं. जा, असं मी म्हणायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही तो भाग चुकवायचा नव्हता. मी कॉफी ओतली आणि तो बसला.

कळप नदीत असतानाच वीज गेली. दार उघडलं तर समोरचा गोठा दिसेना. लाइल कमरेला दोरी बांधून दोनदा निघाला आणि दोनदा परत आला.

तिसऱ्या दिवशी उघडलं. आमच्या गायी तारेला टेकून उभ्याच मेल्या होत्या, नाकपुड्यांवर बर्फ गोठलेला, बहुतेकींच्या पोटात वासरं. मागच्या अकरा तेवढ्या पुढच्यांच्या पाठीवरून चढून पलीकडे गेल्या आणि वाचल्या. तार कुठेही तुटली नव्हती.

बाबांनी लाइलच्या हातातून पक्कड घेतली आणि एकेक पदर कापायला लागले.

"बाबा, आता कुणासाठी?" लाइल म्हणाला.

ते थांबले नाहीत. मला त्यांचा इतका संताप आला होता की त्यांच्या रक्ताळलेल्या बोटांकडे मी बघितलंच नाही. स्वतःचा राग त्याहून मोठा होता.

पुढच्या शनिवारपर्यंत वीज आली. वेळ झाली तसा बाबांनी टीव्ही लावला. कळप माळावरून चालला होता. मी बंद करायला उठले.

"राहू दे गं," ते म्हणाले. "ती पोचतात का, तेवढं बघू."

लाइल उठून बाहेर गेला. मी पुन्हा बसले.