अकरा व्हॉल्व्ह

“एका व्हॉल्व्हसाठी तीन खड्डे! आणि तोवर तिकडे प्रसूतिगृहात गुडघाभर पाणी!” साहेबांचा आवाज व्हरांड्यापर्यंत पोचत होता. समोर कॉम्प्युटर विभागातली मुलगी मान खाली घालून उभी होती. भिंतीला टेकून पाणीपुरवठ्याचे सर्वांत जुने व्हॉल्व्हमन उभे होते. अख्खं ऑफिस त्यांना काका म्हणे.

जमिनीखाली कुठे काय पुरलंय, ते तीस वर्षं काकांना तोंडपाठ. कुणाचं काही अडलं की काकांना बोलावणं जायचं आणि काका ऐटीत निघायचे. मग या मुलीने सगळ्यांसाठी एकच नकाशा कॉम्प्युटरवर आणला. ज्याला जे ठाऊक, ते त्याने भरायचं. गरज पडेल त्याने मोबाइलवर बघायचं. काकांनी चारशे व्हॉल्व्ह भरले, अकरा तेवढे पोटात ठेवले. सगळंच देऊन टाकलं तर उद्या आपल्याला विचारणार कोण?

काल ते बहिणीला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. फोन बंद होता. लाइन नेमकी कालच फुटली, आणि ती बंद करायचा व्हॉल्व्ह त्या अकरांतलाच निघाला.

“सर, नोंद माझ्याकडूनच गाळली गेली असणार,” मुलगी म्हणाली.

“काका, तुम्ही दिली होती ना माहिती?”

“हो,” काका बोलून गेले.

“मग बाई, लेखी खुलासा द्या. तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागद तूर्त थांबवतो मी.”

काकांना जेवण गेलं नाही. दुपारी धीर करून ते तिच्या टेबलाशी गेले.

“पोरी, त्या नोंदीचं...”

“ठाऊक आहे मला.” तिने आवाज खाली आणला. “कुणी काय उघडलं ते इथे दिसतं. तुम्ही ती नोंद चार वेळा उघडलीत, रिकामीच बंद केलीत. जागा आठवत नसेल ना? माझ्या बाबांचंही असंच होतं हल्ली. सगळ्यांसमोर कसं सांगणार होते मी?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसती मान डोलावली असती तरी सुटका होती.

“घे लिहून,” ते म्हणाले. “शाळेच्या फाटकापासून उजवीकडे साडेसात फूट, खोली चार. दुसरा, दवाखान्याच्या मागे, भिंतीपासून अकरा फूट.”

ती भराभर टाइप करू लागली. चौथ्या व्हॉल्व्हला तिची बोटं थांबली. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नजर वर केली नाही, पाचवा सांगितला.

अकरावा झाला.

“साहेबांना मी सांगतो,” काका म्हणाले. “आत्ताच जातो. विसरलो नव्हतो, हेही सांगतो.”

एरवी ते उठले की ती दारापर्यंत यायची, काहीतरी चेष्टा करायची. आज ती स्क्रीनकडेच बघत राहिली. काकांनी खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि साहेबांच्या खोलीकडे निघाले.