दुप्पट दराच्या चादरी

पाठशाळेत शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम आत्याच्या वडिलांनी घातला आणि आत्याने (सगळे तिला आत्याच म्हणत) तो हट्टाने पाळला. पण धर्मग्रंथ फुकट शिकवले म्हणून कोणी वीज फुकट देत नाही. म्हणून वर पाठ आणि खाली लॉन्ड्री. शिक्षक पहाटे बाह्या सरसावून लॉजच्या चादरी धुवायचे आणि सातला हात पुसून वर्गात जायचे. इस्त्री स्वतः आत्याची. तिच्या घडीत सुरकुती शोधून दाखवावी कोणी!

त्या सोमवारी बिलं करणारा तिचा धाकटा भाऊ दातदुखीने घरी राहिला आणि वही आत्याच्या हाती आली. स्टेशनसमोरच्या लॉजचा दर पाहून तिचं डोकंच फिरलं. इतरांच्या दुप्पट, तोही सहा महिने. म्हणजे लॉजमालकाची लेक पाठाला येऊ लागली तेव्हापासून.

तिने भावाला घरी जाऊन गाठलं. सुजलेला गाल धरून तो आधी टाळाटाळ करत राहिला. मग म्हणाला, लॉजमालकाने आपणहूनच दर वाढवला होता, लेकीकडे जरा जास्त लक्ष द्या म्हणून. त्यातूनच तर बॉयलर दुरुस्त झाला, नाहीतर लॉन्ड्रीला टाळं लागलं असतं आणि मागोमाग पाठशाळेला.

"म्हणजे आपण पाठ विकला," आत्या म्हणाली, "आणि वर चादरीत गुंडाळून दिला."

मुलीची नजर अधू आहे, तिला पुढे बसव, असं भावानेच खोटं सांगितलं होतं. आत्याने भाबडेपणाने तिला पुढे बसवलं, चार वेळा जास्त समजावलं. भावाचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला.

अंगावरच्या ओल्या एप्रनसकट ती लॉजवर गेली. मालकाने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. उद्यापासून दर सगळ्यांना तोच, आणि जास्तीचे पैसे फिटेपर्यंत सहा महिने धुलाई फुकट, असं तिने सांगून टाकलं. मालक आधी हसला. चांगल्या कामाला हातभार लावला तर बिघडलं कुठे, म्हणाला. ती बधत नाही म्हटल्यावर त्याचं पित्त खवळलं. चादरी उद्यापासून दुसरीकडे जातील, तुमची लॉन्ड्री कशी चालते ते बघतो, अशी धमकी त्याने दिली. निम्मं काम त्याचंच होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"न्या," आत्या म्हणाली. "तुमचे पैसे मी दुसऱ्यांचे कपडे धुऊन फेडीन."

"आणि माझ्या मुलीला काढून टाकणार, असंच ना?"

"तिला का काढू? लॉन्ड्री चालली नाही तर झाडाखाली बसून शिकवीन. तिचा पाठ अर्धा राहिलाय, सातला पाठवा."

दुसऱ्या दिवशी चादरींची गाडी आली नाही. मुलगी मात्र सातला पाच मिनिटं कमी असतानाच दारात उभी होती.