एकच चक्कर

“कोणासाठी पाह्यजे, काकू? नातवासाठी?”

भगवानराव उत्तराची वाट न पाहताच लहान मुलांच्या सायकलींकडे वळले. जयमालाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“माह्यासाठी,” त्या म्हणाल्या.

भगवानराव थांबले. स्टुलावर बसून गुडघा चोळत असलेल्या वच्छलाबाईंनी, म्हणजे जयमालाबाईंच्या थोरल्या जावेनं, कपाळावर हात मारून घेतला.

“सांगतलंच व शेवटी! मले वाटलं, दुकानदारापुढं तरी लाजशील. काय हो भाऊ, साठीले टेकली बाई, अन् सायकल घेऊन राह्यली. कुठं जाशील, तं म्हणे कुठीच नाही. नुसतीच फिरीन म्हणे!”

“फिरू द्या की,” भगवानराव हसले. “रोडवर का रानात?”

“पांदणीनं,” जयमालाबाई म्हणाल्या. “आमच्या अमडापूरले देवीच्या टेकडीकडं पांदण जाते. कुठं माती, कुठं मुरूम, कुठं गोटे. सकाळी निंघायचं, टेकडीखाली बसायचं, वापस यायचं.”

“दर्शनाले?”

“नाही. बसाले.”

वच्छलाबाईंनी भगवानरावांकडे असं पाहिलं, की बघा, आता तुम्हीच बघा.

*पहिली.*

लेडीज सायकल. पुढं जाळीची टोपली, बारीक टायर. दुकानामागं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं मोकळं आवार होतं, टोकाला कडुलिंब. भगवानरावांनी किल्ली दिली. “एक चक्कर मारून पाहा.”

जयमालाबाईंनी निऱ्या वर खोचल्या. दोन्ही ब्रेक दाबले. घंटी वाजवली. पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. मग बसल्या.

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्या शिपाई होत्या. गावोगावाहून पायी येणाऱ्या मुलींसाठी दरवर्षी सरकारी सायकली यायच्या. ट्रकमधून उतरायच्या, मिस्त्री हँडल-पायडल बसवून जायचा, प्रत्येक हँडलला मुलीच्या नावाची चिठ्ठी लागायची. वाटपाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणायचे, “जयमालाताई, ब्रेक तपासून घ्या. पोरगी पडली तर आपल्यावर येईल.”

पहिल्या वर्षी त्यांनी सायकली नुसत्या हातात धरून चालवल्या. दुसऱ्या वर्षी, शाळा सुटल्यावर, मैदानात कोणी नाही असं पाहून बसल्या. पडल्या. कोपर फुटलं. उठून आधी सायकलवर ओरखडा उमटला का ते पाहिलं. पुढं शिकल्या. प्रत्येक सायकलीची एक चक्कर. दुसरी कधीच नाही. पहिली चक्कर ब्रेकसाठी. दुसरी मारली, तर ती पोरीच्या वाट्याची, असा त्यांचा हिशोब.

कडुलिंबाजवळ बारीक टायर मुरमात रुतलं. पाय टेकले, सावरलं, वळल्या.

आल्या. स्टँड लावलं. कुलूप लावलं. किल्ली दिली.

“रुतते,” त्या म्हणाल्या.

*दुसरी.*

जाडजूड टायर, पुढं शॉकअप, गिअरच गिअर. “ही डोंगरावर चढते, काकू.”

“डोंगरावर चढून करीन काय? अन् हा दांडा? लुगड्यानं टांग कशी टाकू?”

“टाक, टाक,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तेवढंच पाहाचं राह्यलं माहं.”

दांडा ओलांडताना पदर सीटला अडकला. जावेनं उठून, लंगडत येऊन तो सोडवला आणि परत जाऊन बसली. सायकल दगडावरून रेशमासारखी गेली खरी, पण जड. म्हैस ओढल्यासारखी.

वळताना त्यांना अनुपमाची सायकल आठवली. चिठ्ठीवर नाव होतं, पण सुट्टीतच त्या पोरीचं लग्न लावून दिलेलं. सायकल भांडारखोलीत उभी राहिली. जयमालाबाई अधूनमधून पंप घेऊन जायच्या आणि हवा भरायच्या. टायर बसलं तर रबर जातं. कोणी म्हणालंही होतं, “तुम्हीच वापरा ना, पडूनच आहे.” त्यांनी चिठ्ठीकडं बोट दाखवलं होतं. पुढं ती सायकल दुसऱ्या पोरीच्या नावावर गेली. त्या दिवशीही त्यांनी ब्रेक तपासले. पण चक्कर मारली नाही. त्या सायकलीची एक चक्कर आधीच झाली होती.

आल्या. स्टँड लावलं. कुलूप लावलं. किल्ली दिली.

“जड हाये.”

*मधली.*

“मग ही पाहा,” भगवानराव म्हणाले. “भावानं मधली, टायरनं मधली. दांडा खाली झुकलेला. गिअर मोजकेच. सीट रुंद. शहरातले लोक हौसेनं घेऊन राह्यले. मातीत चालते, रोडवरही चालते. मोठ्या गोट्यावर मात्र उतरा लागते.”

“उतरीन. घाई कुठं हाये?”

रंग राखाडी. वच्छलाबाईंना तो बिलकूल पसंत पडला नाही. जयमालाबाई कडुलिंबाला वळसा घालून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मुलीसारखा झाला होता. हे वच्छलाबाईंनी पाहिलं.

आल्या. स्टँड लावलं. कुलूप लावलं. किल्ली दिली.

“हीच.”

पैसे दिले. भगवानरावांनी हवा भरली, सीट त्यांच्या उंचीला बसवली. हँडलला हळदकुंकू लागलं. उंबऱ्यावर नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर आला. भगवानरावांनी किल्ली जयमालाबाईंना दिली.

“मारा आता मनासारखी चक्कर. अमडापूरच्या जीपच्या टपावर मंग बांधून देतो.”

जयमालाबाई गेल्या. कडुलिंबाला वळल्या.

आल्या. स्टँड लावलं. दुकानातल्या सायकलींच्या रांगेत चाकाला चाक जुळवून ती उभी केली. कुलूप लावलं. आणि हात पुढं करून किल्ली दिली.

भगवानरावांनी सवयीनं ती घेतलीही. मग हातातल्या किल्लीकडं पाहत राहिले.

“काकू... तुमचीच हाये ना ही.”

जयमालाबाईंनी किल्लीकडं पाहिलं. हँडलकडं पाहिलं, जिथं चिठ्ठी असायची तिथं. तिथं कुंकू होतं. हसायला गेल्या, जमेना.

वच्छलाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून चार पावलं चालत आल्या. भगवानरावांच्या हातातून किल्ली काढून घेतली, कुलूप उघडलं आणि सायकल रांगेतून बाहेर ओढली. मग किल्ली जावेच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. घट्ट. पदर कमरेला खोचून दिला.

“काऊन उभी राह्यली? जाय.”

“जीप...”

“जीप माहा बाप हाये काय? दुसरी भेटल. मी बसतो, च्या पितो. तुही पिशवी दे इकडं.” आणि मग खालच्या आवाजात, “लवकर येऊ नको.”

कडुलिंब आला. हँडल आपोआप वळायला लागलं. जयमालाबाईंनी ते सरळ धरलं. झाडामागं जिनिंगचं फाटक होतं, एका बिजागरीवर लोंबकळणारं. त्यातून गाडरस्ता शेतांकडं गेला होता. एकाच चाकोरीत राहायचं, मुरूम आला की जोर लावायचा. समोर कोणीच नव्हतं, तरी त्यांनी घंटी वाजवली.

मागं दुकानात, दोन सायकलींच्या मधली जागा रिकामी होती. वच्छलाबाईंचा चहा आला, निवला. त्यांनी दुसरा सांगितला.