काहीच केलं नाही

संस्थेत मला सगळे मोजणीदार म्हणतात. हुद्दा वेगळा आहे, चांगला लांबलचक आहे, पण तो पगारपत्रकापुरता. इथल्या कुणी पेपर लिहिला आणि पुढे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला, की झालं एक सायटेशन. ती मी मोजतो. चोवीस वर्षं मोजतोय. ज्याची मोजणी भरते त्याला मोठी खोली मिळते, हाताखाली माणसं मिळतात. ज्याची भरत नाही तो मला जिन्यात पाहिलं की मागे वळतो.

तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत माझी सख्खी मोठी बहीण काम करते. भावाने बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ताईची मोजणी मी दरवर्षी दोनदा करायचो आणि दोन्ही वेळा शून्य यायचं. खरं सांगतो, त्या शून्याचा मला थोडा आधारच वाटायचा. माझ्या प्रामाणिकपणाचा तो पुरावा होता ना. विचार हलकट होता, पण होता.

तिच्या खोलीत भिंतीला लागून बावीस काचेच्या नळ्या उभ्या आहेत. प्रत्येकीत पाणी शुद्ध करणारी कुठली ना कुठली भुकटी. वरून विषारी पाणी सोडायचं, खाली थेंब थेंब गळणारं रोज तपासायचं. तिचा पेपर एकच, नऊ वर्षांपूर्वीचा. एका स्वस्त पांढऱ्या भुकटीची तेव्हा फार हवा होती. पाण्यातलं विष ती झटकन ओढून घ्यायची. बाकीच्यांनी महिनाभर तपासून वाहवा केली. ताई तपासतच राहिली आणि आठव्या महिन्यात तिला दिसलं, की ओढून घेतलेलं विष भुकटी परत सोडते, तेही एकदम सगळं. तिने तेवढंच लिहिलं आणि पुढची नळी भरली.

यंदा नवी समिती आली. पाच वर्षांत ज्यांची मोजणी शून्य, त्यांच्या खोल्या रिकाम्या करायच्या असं ठरलं. यादी अर्थात मीच केली. बैठक शुक्रवारी होती, मी सोमवारी खाली गेलो.

"ताई, एखाद्याने तरी तुझं नाव घेतलं असतं..."

"कोण घेणार?" ती नळीवरून नजर न काढता म्हणाली. "भुकटी चालते म्हटलं की लोक त्यावर पन्नास पेपर लिहितात. चालत नाही म्हटलं की माणूस गुपचूप दुसऱ्या कामाला लागतो."

"मग कुणाला उपयोग झाला हे कळणार कसं?"

"ते मला विचारतोस? मोजणीदार तू." मग ती माझ्याकडे वळली. "हे बघ, मला अजून दोन वर्षं हवीत. या कोपऱ्यातल्या नळीत नवी भुकटी आहे. तीन वर्षं झाली, अजून काही सोडलेलं नाही. ही टिकेल असं वाटतंय. पण वाटतंय म्हणून लिहायचं नसतं."

ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी तिथून थेट ग्रंथालयात गेलो.

बाहेरच्या माणसाला इथल्या पेपरची प्रत हवी असेल तर एक चिठ्ठी भरून पाठवावी लागते. त्या चिठ्ठ्या खोक्यांत पडून असतात. मी त्या मागितल्या तेव्हा ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर केला. "अगंबाई, चोवीस वर्षांत पहिल्यांदा पायधूळ झाडलीत! आज सूर्य कुठून उगवला?" पण खोकी त्यांनीच उतरवली आणि शेजारी बसून शोधूही लागल्या. ताईच्या पेपरच्या एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. पाणीपुरवठा खाती, रुग्णालयं, फिल्टर बनवणारे कारखाने. त्यांतलं पेपर लिहिणारं कुणीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी एकेकाला फोन लावायला बसलो. प्रश्न एकच होता: पेपर वाचून पुढे काय केलंत? पहिले म्हणाले, काही नाही केलं. दुसरे म्हणाले, काही नाही. मी समोर "उपयोग नाही" असं लिहीत गेलो. नऊ ओळी झाल्या. माझ्या डोक्याचा घडा पालथाच. दहावा फोन एका कारखान्यातल्या बाईंनी उचलला.

"काहीच केलं नाही आम्ही," त्या म्हणाल्या.

"बरं. म्हणजे उपयोग झाला नाही."

"अहो, असं कसं? उपयोग झाला म्हणूनच काही केलं नाही! त्या भुकटीचे फिल्टर बनवायचे ठरले होते. साचे तयार होते. पेपर वाचला आणि थांबवलं सगळं. कुणी लिहिलाय हो तो?"

"माझ्या बहिणीने," मी म्हणालो आणि समोरच्या नऊही ओळी खोडल्या.

आधीच्या नऊ जणांना मी पुन्हा फोन केले. या वेळी विचारलं, काय करणार होतात? गुरुवार संध्याकाळपर्यंत एकतीसपैकी तेवीस जण सापडले. एकोणीस जणांनी ती भुकटी वापरायची ठरवून सोडून दिली होती. कुठे रुग्णालयाची टाकी, कुठे अख्ख्या वस्तीचा नळ. मी तक्ता केला, ताईच्या पेपरच्या प्रती जोडल्या आणि शुक्रवारी समितीपुढे ठेवल्या.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी तक्ता नीट वाचला. "पण हे कोणत्या रकान्यात भरू?" ते म्हणाले. "जे घडलं नाही ते मोजायचं कसं? उद्या प्रत्येक जण येऊन सांगेल, माझ्यामुळे काय काय घडलं नाही."

सगळे हसले. प्रश्न तसा रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला.

"साहेब, माणसं आहेत. फोन करून विचारा."

"तुम्ही विचारलंय ना? तुमच्याच बहिणीबद्दल." ते सौम्यपणे म्हणाले. चोवीस वर्षं सांभाळलेला माझा प्रामाणिकपणा त्या एका वाक्यात आडवा झाला. खोली सोमवारपर्यंत रिकामी करावी असं ठरलं. इतिवृत्त लिहिणं माझ्याकडेच असतं. मी लिहिलं.

दोन विषयांनंतर नव्या प्राध्यापकांचा प्रस्ताव होता. हुशार माणूस, मोजणी दणदणीत. एका शाळेत पिण्याच्या पाण्याचे फिल्टर बसवायचे होते. माझ्या हातात त्यांचा कागद होता, पण तो मी तोवर वाचला नव्हता. ताईच्या पेपरची प्रत त्यांच्या पुढ्यात होती आणि बाकीचे हसत असताना ते ती वाचत होते. आता ते उठले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी... माझा विषय मागे घेतो."

"का हो?" अध्यक्षांनी विचारलं. "पुढच्या महिन्यात बसवणार होतात ना?"

"जरा अजून अभ्यास हवा." त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी प्रस्ताव उलटला. तीच पांढरी भुकटी. "साहेब, कारण लिहू का?" मी विचारलं, जरा मोठ्यानेच.

"मागे घेतलेल्या विषयाला कारण लिहीत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

त्या क्षणी मला त्या टेबलावरच्या प्रत्येकाचा राग आला, आणि सर्वांत जास्त माझा. आतापर्यंत अशी किती शून्यं मी माझ्या हाताने लिहिली असतील?

बैठक संपल्यावर खाली गेलो. ताईला सगळं सांगितलं, खोलीचं आधी आणि प्राध्यापकांचं नंतर. पहिलं ऐकून ती नुसती मान हलवत राहिली. दुसरं ऐकल्यावर तिने विचारलं, "शाळेत मुलं किती?"

"सातशे."

"सातशे," ती म्हणाली. "मग बरं झालं." तिचे डोळे भरून आले होते. माझे तर केव्हाच वाहायला लागले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "पुरे. नाक पूस आणि बादली धर."

मी बादली धरली. तिने एकेका नळीची तोटी बंद केली, वही उघडून तारीख टाकली, शेवटचं माप लिहिलं. एकवीस झाल्या. कोपऱ्यातल्या नळीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. थेंब पडत होते. तिने खालचं पाणी घेऊन पुन्हा तपासलं, कधी नव्हे ते दोनदा.

"आजपर्यंत तरी धरून आहे," ती म्हणाली. "उद्याचं आता कुणाला कळणार नाही."

आणि तिने ती तोटी बंद केली.