पुढचे चार दात

“डोकं नीट धर, कोंद्रात. डुक्कर कापताना धरतोस तसं,” उस्तिन्या म्हणाली.

थोरल्या मुलानं धाकट्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत आवळलं. फेदोस न्हाणीघराच्या लाकडी बाकावर उताणा पडला होता. व्होडका पाजूनही तो शुद्धीवर होता. पायांवर त्याची बायको मलान्या बसली होती, तोंड फिरवून.

“आई, मी जातो ना सैन्यात. लोक जातात, परत येतात,” फेदोस म्हणाला.

“कोण आलंय परत? नाव सांग एखाद्याचं.”

गावातून गेलेले सगळे फेदोसनं मनात आठवून पाहिले. परत आलेला एकही सापडला नाही.

“नाही ना? मग तोंड उघड.”

तिनं दंताळ्याचा लोखंडी दात त्याच्या पुढच्या दातावर टेकवला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, घाव घातला. दात मधोमध मोडला. फेदोस असा ओरडला की बाहेर कोंबड्या उडाल्या. दुसऱ्या घावाला उरलेला तुकडा मुळासकट निघाला, ओठही फाटला. रक्त नाकात जाऊन तो गुदमरला. उस्तिन्यानं त्याची मान वळवली, तोंडात बोट घालून रक्त काढलं, पुन्हा उताणा केला आणि दुसरा दात पाडला.

“सासूबाई, दोन गेले. पुरे आता,” मलान्या रडत म्हणाली.

“दोनानं काय होतंय? माझ्या भावाचे, एफ्रेमचे, चार गेले होते. तुला नवरा हवाय की त्याचे दात?”

चार दातांना सात घाव लागले.

हे शहाणपण तिला भावाकडून मिळालं होतं. चाळीस वर्षांपूर्वी एफ्रेमला घोड्यानं खरोखरच लाथ मारली होती. भरतीच्या डॉक्टरनं त्याचं तोंड पाहिलं आणि हाकलून दिलं. शिपायाला बंदुकीत दारू भरायची तर काडतुसाचा कागद आधी पुढच्या दातांनी फाडावा लागे. दात नाहीत तर शिपाई नाही. तेव्हा सैन्यात घेतलेल्या माणसाचे कपाळावरचे केस भादरत आणि नाकारलेल्याचे मानेवरचे. एफ्रेम मान भादरून घरी आला आणि साठीपर्यंत जगला. उस्तिन्याचा नवरा दातांसकट सैन्यात गेला. त्याचं पुढं काय झालं ते देवालाच ठाऊक. त्यामुळं या वर्षी पंचांनी, घरात दोन मुलगे आहेत म्हणून, एक सैन्यासाठी मागितला तेव्हा ती रडली नाही. रडणाऱ्या बायांना ती अडाणी म्हणाली.

महिन्याभरानं कोंद्रातनं बर्फावरची घसरगाडी जुंपली आणि तिघं भरतीच्या गावाला गेले. मलान्या घरी राहिली.

कचेरीत उघड्यानागड्या पोरांची रांग होती. शिपायानं दारात अडवलं तर उस्तिन्या त्याच्या काखेखालून आत शिरली. डॉक्टरनं फेदोसचा ओठ वर केला. हिरड्या अजून जांभळ्या होत्या.

“हे काय?”

“घोड्यानं लाथ मारली, साहेब.”

“मोठा नेमबाज घोडा तुझा. ओळीनं चार, शेजारच्याला धक्का नाही.”

टेबलामागचा अधिकारी हसला. त्यानं खिशातून पितळेची एक चकचकीत नळी काढली आणि दारातल्या म्हातारीकडं पाहिलं.

“आई तू का? ये, धर हे. काडतूस आहे. चावून दाखव.”

उस्तिन्यानं ते तळहातावर घेतलं. गार होतं. कागद कुठंच नव्हता.

“हे तसंच बंदुकीत जातं, आजीबाई. दात लागत नाहीत. कोणत्या झारच्या काळात आहेस तू?” मग तो शिपायांना म्हणाला, “घ्या याला. अंग खराब केल्याबद्दल आधी वीस छड्या.”

“घाव मी घातले,” उस्तिन्या म्हणाली. “तो नको म्हणत होता. मला मारा.”

“बायकांना मारायचं नाही, असा कायदा झालाय आता.”

“घोडाच होता, साहेब,” फेदोस म्हणाला. “म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही.”

अंगणात त्याला बाकावर पालथा बांधला. ओल्या छड्या होत्या; सहाव्या फटक्याला कातडी फुटली. तो ओरडला नाही. ओरडायचं ते न्हाणीघरात ओरडून झालं होतं. उस्तिन्यानं एकदाही मान वळवली नाही. मोजून वीस झाल्यावर शिपायानं एक जास्तीचा हाणला तेव्हा ती म्हणाली, “एकवीस झाले. साहेबाला मोजता येतं, तुला नाही?”

दुपारी नव्या शिपायांची रांग लागली. सगळ्या आयांसारखी तीही पावाच्या सुकवलेल्या तुकड्यांची पिशवी घेऊन आली. फेदोसला नाकारतील आणि पिशवी परत न्यावी लागेल, याच खात्रीनं तिनं ती घरून आणली होती. फेदोसनं एक तुकडा काढला, सवयीनं पुढं धरून चावायला गेला आणि थांबला.

“नंतर खाईन,” तो म्हणाला आणि तुकडा पिशवीत टाकला.

उस्तिन्यानं पिशवी त्याच्या हातातून घेतली, घसरगाडीच्या कडेवर ठेवली, पेंढ्याखालची कुऱ्हाड काढली आणि तुंब्यानं तुकडे कुटायला लागली.

“ए म्हातारे, रांग निघतेय,” शिपाई ओरडला.

“निघू दे. माझा मुलगा जेवण घेऊन येईल मागून.”

ती कुटत राहिली. पिशवी चाचपून, हाताला एकही खडा लागेना तेव्हाच तिनं गाठ मारली.

“पाण्यात कालवून खा.”

“घोडाच होता, आई,” फेदोस म्हणाला. दातांवाचून शब्द फुसफुसत आले. “मलान्यालाही तेच म्हणायला सांग.”

रांग वळणाआड गेली. कुऱ्हाडीच्या तुंब्याला काळ्या पावाची पूड चिकटली होती. कोंद्रात ती बाहीनं पुसायला गेला.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि कुऱ्हाड मांडीवर घेऊन गाडीत बसली.