उसवलेल्या दुमडी

"एवढुशा चौकोनांची गोधडी? तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी शिवतेस का?" दादाने दारातूनच विचारलं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, काकूचा मुलगा. मी टेबलावर कागदाचे चौकोन मांडून बसले होते. शेजारी माझे लहानपणीचे फ्रॉक इस्त्री करून ठेवले होते. आई गेल्यावर मी काकूकडे आले आणि तिथेच वाढले. काकू घरी शिवणकाम करायची. माझे सगळे फ्रॉक तिच्या मशीनवर, गिऱ्हाइकांनी नको म्हणून सोडलेल्या कापडातून झाले. कपाट आवरताना ते सापडले, तेव्हा गोधडीचं मनात आलं.

काकूच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग आता निकामी झाला आहे. कडेचं अंधूक दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं होतं. म्हणून ही गोधडी तिच्या हातांना ओळखता यायला हवी होती. नुसती ऊब बाजारातही विकत मिळाली असती. फ्रॉक मोजकेच होते. एकदा कात्री चालवली की ते परत सांधता येणार नव्हते.

अडचण घेराची होती. काकू फ्रॉक शिवताना खाली भरपूर कापड आत दुमडून ठेवायची. एकावर एक दोन-तीन दुमडी. मी उंच झाले की टीप उसवून त्यातली एक मोकळी करायची. त्यामुळे घेरावर आडवे पट्टे पडले होते: दुमडीत उन्हापासून वाचलेलं कापड गडद, आणि जुन्या काठाची रेघ झिजून पांढुरकी. चार बोटांचा चौकोन घेतला, तर हा भाग टाळून एकसारख्या रंगाचे तुकडे निघत होते. मला हे उत्तर नेटकं वाटलं होतं.

"पण आईला रंग कुठे दिसतोय?" दादा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. रंगाचा विचार मी माझ्या डोळ्यांसाठी केला होता.

खऱ्या कापडाला हात लावण्याआधी नमुना करून बघायची मला कामामुळे सवय आहे. जुन्या चादरीचे दोन नमुने शिवले, एक चार बोटांच्या चौकोनांचा आणि एक वीतभर चौकोनांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खिडकीपाशी बसली होती. पहिला नमुना तिच्या मांडीवर ठेवला.

"शिवणीबाहेर कडेला जास्तीचं कापड, माया सोडलीस, छान केलंस," तिची बोटं फिरू लागली. "पण किती गं या शिवणी! जिथे बोट टेकावं तिथे शिवण. कापड कुठाय?"

मी दुसरा दिला.

"हं, इथे हाताला मोकळं वाटतंय. पण हे काय आहे?"

"जुनी चादर."

"मग चादरच लागणार ना हाताला!" ती हसली.

नुसता आकार वाढवून भागणार नव्हतं. मग मी अख्खा फ्रॉकच तिच्या हातात दिला. तिचा हात गळ्यावरून आला, कमरेच्या चुण्यांवरून घसरला आणि घेरापाशी थांबला. अंगठा आडवा सरकत गेला. टाके उसवले तरी सुईची भोकं बुजली नव्हती, आणि जुन्या काठाची धार अजून हाताला लागत होती.

"हा तुझा शाळेचा पहिला फ्रॉक," काकू म्हणाली. "ही दुमड तू तापातून उठलीस तेव्हा उसवली. एकदम ताडमाड झाली होतीस. ही पुढची. आणि ही... अगं, ही उसवायची राहिलीच की!"

"अजून वाढणार आहे का ही?" दादाने दारातून विचारलं.

"आडवी वाढतेय की."

मी हसले. मी या घरात आले तेव्हा इतकी किरकोळ होते की ही पोर अंग कधी धरणार, असं शेजारणी काकूच्या तोंडावर म्हणायच्या. काकूने त्यांच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. तिने माझ्या फ्रॉकला तीन दुमडी घातल्या होत्या.

चौकोन केवढा, हे मग सोपं झालं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या मिटलेल्या दुमडीपर्यंतचा सगळा भाग एका चौकोनात मावायला हवा. मोजून पाहिलं, तर शिलाई धरून वीतभरापेक्षा थोडं जास्त होत होतं.

"पण काकू, असे चौकोन थोडेच निघतील. अंगभर नाही पुरायची, गुडघ्यांपुरतीच होईल."

"बरं झालं. गुडघेच दुखतात माझे."

मी खडूने रेघ मारली आणि कात्री घेतली. मिटलेली दुमड तशीच ठेवली. तो चौकोन मधोमध लावला, मांडीवर हात सहज पडतो तिथे.

गोधडी पुरी झाली, तेव्हा मी ती काकूच्या पायांवर पांघरली आणि काही न सांगता बाजूला उभी राहिले. तिचा हात एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेला, जाड दुमडीवर थबकला.

"हा पिवळा," ती म्हणाली.

पिवळाच होता.